विश्लेषण : शिट्टी पंचांची, घसरण कुणाची? बुंडेसलिगातील तळाच्या संघांना वादग्रस्त निर्णय इतके का बोचतात?

जर्मनीच्या बुंडेसलिगातून २०२४-२५च्या मोसमाअखेर बोखुम आणि होल्स्टाइन कील हे दोन संघ दुसऱ्या श्रेणीत घसरले. दोघांचेही गुण २५. यातले बोखुमचे दोन गुण मैदानावर नव्हे, तर फुटबॉल महासंघाच्या क्रीडा न्यायालयात मिळालेले होते. तरीही बोखुम तळालाच राहिला. जर्मन फुटबॉलमध्ये तळाचा संघ आणि पंचांचा निर्णय यांचे नाते जुने आणि कडवट आहे. भूत गोल, हाताला लागलेला चेंडू, मध्यंतरात दिलेली पेनल्टी अशा अनेक घटना तिथले चाहते आजही विसरलेले नाहीत. गोलरेषा तंत्रज्ञान आले, व्हीएआर आले, पण वाद संपले नाहीत. संघ खरोखर पंचांमुळे बुडतात का, की बुडत्याला शिट्टीचा आधार?

लायटर प्रकरण नेमके काय होते?

१४ डिसेंबर २०२४. बर्लिनमध्ये युनियन बर्लिन आणि बोखुम यांच्यात १-१ अशी बरोबरी होती आणि भरपाई वेळ सुरू होती. मोसमात तोवर १३ सामने खेळलेल्या बोखुमला एकही विजय मिळालेला नव्हता. या सामन्यातही मियोशीला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळाल्याने संघ दहा जणांवर आला होता. अशा वेळी प्रेक्षकांतून फेकलेला लायटर बोखुमचा गोलरक्षक पॅट्रिक ड्रेवेसच्या डोक्याला लागला. पंच मार्टिन पेटरसन यांनी दोन्ही संघांना आत नेले. बऱ्याच वेळाने खेळ पुन्हा सुरू झाला, पण ड्रेवेस परतला नाही. बोखुमचे बदली खेळाडूही संपले होते. मग आघाडीपटू फिलिप हॉफमान हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला आणि उरलेली दोन-चार मिनिटे दोन्ही संघांनी एकमेकांवर चाल न करता नुसती घालवली. बोखुमने निषेध नोंदवूनच ही मिनिटे खेळली होती.

महासंघाच्या क्रीडा न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी हा सामना बोखुमने २-० असा जिंकल्याचा निकाल दिला. यजमान क्लबच्या प्रेक्षकाच्या कृत्यामुळे पाहुणा संघ दुबळा झाला आणि त्याची जबाबदारी यजमानांची, हा त्यामागचा तर्क. सामना पूर्ण खेळला गेला आहे, तेव्हा मैदानावरचाच निकाल ग्राह्य धरावा, असे युनियनचे म्हणणे होते. पण वरच्या न्यायालयात आणि नंतर लवादासमोरही ते टिकले नाही. तळाच्याच लढाईत असलेल्या कील आणि सांक्ट पाउली या क्लबांनीही हरकत घेतली, हा यातला सर्वांत बोलका भाग. सामन्याशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. संबंध होता तो गुणतालिकेशी. बोखुमच्या खात्यात एकाऐवजी तीन गुण जाणे म्हणजे आपल्या पायाखालची जमीन सरकणे, हे त्यांना बरोबर कळले होते. प्रत्यक्षात त्या दोन गुणांचा बोखुमलाही उपयोग झाला नाही. याच संघाने मार्चमध्ये बायर्नला म्युनिकमध्ये ३-२ असे हरवले, आणि तरीही १६व्या क्रमांकावरील हायडेनहाइमपेक्षा चार गुणांनी मागे राहून तो बाहेर गेला.

घसरण इतकी महाग का पडते?

बुंडेसलिगात १८ संघ आणि ३४ फेऱ्या. शेवटचे दोन संघ थेट दुसऱ्या श्रेणीत जातात. १६व्या क्रमांकाच्या संघाला दुसऱ्या श्रेणीतील तिसऱ्या संघाशी घरच्या आणि परतीच्या अशा दोन लढती खेळाव्या लागतात. अख्ख्या मोसमाचा हिशेब या दोन रात्रींत होतो. सध्याच्या स्वरूपात ही पद्धत २००८-०९पासून पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून २०२५पर्यंतच्या १७ लढतींत दुसऱ्या श्रेणीतील संघ फक्त तीनदा जिंकले : २००९मध्ये न्यूरेम्बर्ग, २०१२मध्ये ड्युसेलडॉर्फ आणि २०१९मध्ये युनियन बर्लिन. २०२५मध्ये एल्व्हर्सबर्ग या छोट्या गावाचा संघ चौथा ठरण्याच्या बेतात होता. पण परतीच्या लढतीच्या भरपाई वेळेत हायडेनहाइमने गोल केला आणि ते बुंडेसलिगात टिकले.

वरच्या आणि खालच्या श्रेणीतले अंतर मुख्यतः प्रक्षेपण हक्कांच्या पैशांचे आहे. २०२५ पासूनच्या चार मोसमांसाठी देशांतर्गत हक्कांतून दोन्ही श्रेणींना मिळून वर्षाला सुमारे १.१२ अब्ज युरो मिळणार आहेत. त्यातला मोठा वाटा पहिल्या श्रेणीकडे जातो. इंग्लंडमध्ये घसरलेल्या संघांना काही वर्षे ‘पॅराशूट’ रक्कम मिळते, तशी सोय जर्मनीत नाही. शिवाय तिथे ५०+१चा नियम आहे. क्लबमधील मतांचे बहुमत सदस्यांकडेच राहिले पाहिजे, मोजके अपवाद वगळता ते कुणा धनाढ्याला विकत घेता येत नाही. नियम चांगलाच, पण खड्डा पडला की तो आपल्या खिशातून भरणारा मालकही नसतो. मग खेळाडू विकायचे, कर्मचारी कमी करायचे आणि कर्ज फेडत बसायचे. अशा स्थितीत ९०व्या मिनिटाला वाजलेली शिट्टी ही नुसती शिट्टी राहत नाही.

एका फ्री-किकने हॅम्बर्ग खरेच वाचले का?

तळाचा संघ आणि पंच यांची गाठ सर्वांत नाट्यमयरीत्या पडली ती १ जून २०१५ रोजी, कार्ल्सरुहे येथे. हॅम्बर्ग हा १९६३मध्ये बुंडेसलिगा सुरू झाल्यापासून कधीही न घसरलेला एकमेव संघ. किती वर्षे, दिवस, तास आणि मिनिटे आपण या श्रेणीत आहोत हे दाखवणारे घड्याळच त्यांच्या मैदानात लावलेले होते. त्या मोसमात हॅम्बर्गने चार प्रशिक्षक वापरले आणि कसाबसा १६वा क्रमांक मिळवला. घरच्या लढतीत १-१ अशी बरोबरी झाली. परतीच्या लढतीत ७८व्या मिनिटाला याबोच्या गोलने कार्ल्सरुहे पुढे गेले. भरपाई वेळ सुरू झाली, स्टेडियम जल्लोषाच्या तयारीत होते. तेवढ्यात हॅम्बर्गच्या राइकोविचने मारलेला चेंडू अगदी जवळून कार्ल्सरुहेच्या योनास मेफर्टच्या हाताला लागला. पंच मानुएल ग्रेफे यांनी फ्री-किक दिली.

मेफर्टला हात मागे घ्यायलाही वेळ नव्हता, हे रिप्लेत दिसत होते. बहुतेक तज्ज्ञांनीही हा निर्णय फारच कठोर ठरवला. पण शिट्टी वाजली होती. फ्री-किक घ्यायला राफाएल व्हॅन डर व्हार्ट पुढे सरसावला होता, तेव्हा चिलीच्या मार्सेलो डियाझने ‘उद्या घे, मित्रा’ असे म्हणून त्याला बाजूला केले, असा किस्सा हॅम्बर्गमध्ये आजही सांगतात. डियाझचा फटका थेट जाळ्यात गेला. अतिरिक्त वेळेत निकोलाय म्युलरने दुसरा गोल केला. आता यातली सहसा न सांगितली जाणारी गोष्ट : याच ग्रेफे यांनी अगदी शेवटी कार्ल्सरुहेलाही पेनल्टी दिली होती. हेनिंग्जचा फटका हॅम्बर्गच्या रेने अॅडलरने अडवला.

कार्ल्सरुहेची हळहळ खोटी नव्हती. दोनच वर्षांत, २०१७मध्ये हा क्लब थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. एका निर्णयाची किंमत अशी पुढच्या मोसमांवर चढत जाते. पण ज्याला फायदा झाला त्या हॅम्बर्गचे काय झाले? क्लबचा कारभार तसाच राहिला, प्रशिक्षक येत-जात राहिले आणि २०१८मध्ये ते घड्याळ थांबलेच. त्यानंतर सात मोसम दुसऱ्या श्रेणीत गेले. २०२२मध्ये हेर्टा बर्लिनकडून आणि २०२३मध्ये श्टुटगार्टकडून हॅम्बर्ग त्याच दोन लढतींत हरले, ज्यांनी त्यांना पूर्वी वाचवले होते. २०२५मध्ये ते अखेर बुंडेसलिगात परतले, आणि तोवर संघाच्या मध्यफळीत कोण होते? योनास मेफर्ट. नशिबाला विनोदबुद्धी असते, असे म्हणायला हरकत नाही.

‘भूत गोल’ प्रकरणांतून काय बदलले?

२३ एप्रिल १९९४ रोजी म्युनिकमध्ये बायर्नच्या थॉमस हेल्मरने गोलसमोर अगदी जवळून मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. सहायक पंचाने मात्र गोलचा इशारा केला आणि पंच हान्स-योआखिम ओस्मर्स यांनी तो मान्य केला. बायर्नने सामना २-१ असा जिंकला. समोर होता घसरणीच्या उंबरठ्यावरचा न्यूरेम्बर्ग. महासंघाने सामना पुन्हा खेळवायचा आदेश दिला, आणि न्यूरेम्बर्ग ५-० असा हरला. मोसमाअखेर न्यूरेम्बर्ग आणि फ्रायबुर्ग यांचे गुण समान होते. गोलफरकावर न्यूरेम्बर्ग १६वा आला. त्या वेळी तळाचे तीनही संघ थेट बाहेर जात. तो खोटा गोल मिळालाच नसता आणि बाकी सारे तसेच घडले असते, तर १-१च्या बरोबरीचा एक गुण त्यांना वाचवायला पुरेसा होता. मात्र पहिल्याच सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत न्यूरेम्बर्गला पेनल्टी मिळाली होती आणि ती श्वाब्लने घालवली होती. हेही तितकेच खरे, पण लोकांना आठवतो तो हेल्मरच.

सामना पुन्हा खेळवण्याचा हा पायंडा पुढे नकोसा झाला. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी लेव्हरकुसेनच्या श्टेफान कीसलिंगने डोक्याने मारलेला चेंडू हॉफेनहाइमच्या गोलच्या बाजूच्या जाळीला असलेल्या भोकातून आत गेला. पंच फेलिक्स ब्रिच यांनी गोल दिला, लेव्हरकुसेन २-१ असे जिंकले. या वेळी क्रीडा न्यायालयाने हॉफेनहाइमची मागणी फेटाळली. मैदानावर काय घडले याबाबतचा पंचांचा निर्णय अंतिम, मग तो चुकीचा का असेना, हे तत्त्व उचलून धरले गेले.

यानंतर तरी गोलरेषा तंत्रज्ञान लगेच यावे की नाही? मार्च २०१४मध्ये क्लबांनी खर्चाचे कारण देऊन ते नाकारले. त्याच वर्षी जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडच्या हुमेल्सचा रेषेपार गेलेला चेंडू गोल धरला गेला नाही आणि बायर्नने चषक जिंकला. डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले, १८पैकी १५ क्लब बाजूने उभे राहिले आणि २०१५-१६पासून तंत्रज्ञान आले. म्हणजे हॉफेनहाइमला बसलेल्या फटक्याने जे झाले नाही, ते चषकाच्या अंतिम सामन्याने काही महिन्यांत घडवले. लहान क्लबांचे चाहते यावर कडवट हसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

व्हीएआर आल्यावरही भांडण का मिटले नाही?

बुंडेसलिगात व्हिडीओ सहायक पंच २०१७-१८मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि पुढच्या मोसमापासून कायमचे आले. सर्व सामन्यांचे चित्रीकरण कोलोन शहरातील एका केंद्रात पाहिले जाते. चाहते त्याला ‘कोलोनचे तळघर’ म्हणतात आणि त्यात प्रेम नसते. व्हीएआरला चारच गोष्टींत हस्तक्षेप करता येतो : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेली शिक्षा. त्यातही चूक ‘स्पष्ट आणि ढळढळीत’ असेल तरच. क्रिकेटच्या डीआरएसप्रमाणे संघाला रिव्ह्यू मागता येत नाही. तिथे निदान कर्णधाराने चुकीच्या वेळी रिव्ह्यू वाया घालवला असे म्हणता येते. इथे संघाच्या हाती काहीच नसते.

ही व्यवस्था किती विचित्र वळण घेऊ शकते, हे १६ एप्रिल २०१८ रोजी दिसले. माइन्झ आणि फ्रायबुर्ग हे दोन्ही संघ तळाशी झुंजत होते. पंच गुइडो विंकमान यांनी मध्यंतराची शिट्टी वाजवली, खेळाडू आत गेले. तेवढ्यात कोलोनमधून बिबियाना श्टाइनहाउस यांनी फ्रायबुर्गच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागल्याचे कळवले. विंकमान यांनी स्क्रीनवर पाहिले आणि खेळाडूंना ड्रेसिंग रूममधून परत बोलावले. माइन्झच्या दे ब्लासिसने पेनल्टीवर गोल केला आणि सारे पुन्हा आत गेले. नियमांच्या चौकटीत हे बसत होते, कारण संदेश आला तेव्हा पंच मैदानावरच होते. माइन्झने सामना २-० असा जिंकला आणि फ्रायबुर्ग त्या रात्री १६व्या क्रमांकावर गेला. निर्णय बहुधा बरोबरच होता. पण बरोबर निर्णयसुद्धा इतका हास्यास्पद दिसू शकतो, हे तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते. मोसमाअखेर दोन्ही संघ वाचले, म्हणून हे प्रकरण आज किस्सा म्हणून सांगितले जाते. एखादा बुडाला असता तर ते कोर्टात गेले असते.

२८ एप्रिल २०२३ला उलटे घडले. बोखुममध्ये डॉर्टमुंडच्या करीम अडेयेमीला पेनल्टी क्षेत्रात पाडण्यात आले. पंच साशा श्टेगमान यांनी खेळ चालू ठेवला, कोलोनहून हस्तक्षेप झाला नाही, श्टेगमान स्क्रीनकडेही गेले नाहीत. सामना १-१ असा सुटला. निर्णय चुकल्याचे श्टेगमान यांनी नंतर जाहीरपणे मान्य केले. त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला धमक्या आल्या. महिन्याभराने डॉर्टमुंड आणि बायर्न यांचे प्रत्येकी ७१ गुण झाले आणि गोलफरकावर बायर्न विजेते ठरले. डॉर्टमुंडला शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर माइन्झला फक्त हरवायचे होते. ते २-२ असे अडले, त्यात पंचांचा हात नव्हता.

पूर्वी वाद असे चेंडू रेषेपार गेला का, यावर. आता तो कोलोनमधल्या माणसाने हस्तक्षेप का केला किंवा का केला नाही, यावर असतो. चूक माणसाची होती तेव्हा ती निदान माफ करता यायची. डझनभर कॅमेरे असताना झालेली चूक चाहत्यांना चूक वाटत नाही, कट वाटतो.

कटाच्या संशयाला काही आधार आहे का?

आहे, आणि तोही भक्कम. १९७१मध्ये ऑफेनबाख क्लबचे अध्यक्ष होर्स्ट-ग्रेगोरिओ कानेलास यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांना ध्वनिफिती ऐकवल्या. पाहुण्यांत राष्ट्रीय प्रशिक्षक हेल्मुट श्योन होते. घसरण टाळण्यासाठी सामने विकत घेतले-दिले जात असल्याचे त्यांत ऐकू येत होते. पन्नासहून अधिक खेळाडूंना शिक्षा झाली. पंच मात्र त्यात नव्हते. भ्रष्टाचार झाला होता तो तळाच्या क्लबांच्या भीतीपोटी.

२००५ साली पंचच सापडले. रॉबर्ट होयझर यांनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने फिरवल्याचे उघड झाले. ऑगस्ट २००४मध्ये जर्मन चषकात कनिष्ठ श्रेणीतील पाडरबोर्नने हॅम्बर्गला ४-२ असे हरवले, तो सामना त्यांतलाच. हॅम्बर्गचे प्रशिक्षक क्लाउस टॉपम्योलर यांचे पद त्याच शरद ऋतूत गेले. होयझर यांना दोन वर्षे पाच महिन्यांची कैद झाली. पंचांवरचा प्रत्येक आरोप जर्मनीत आजही या नावाची आठवण काढल्याशिवाय पूर्ण होत नाही.

पण पैसे न घेताही पंच झुकतात का? अर्थशास्त्रज्ञ थॉमस डोमेन यांनी बुंडेसलिगातील बारा मोसमांचा अभ्यास करून २००८मध्ये निष्कर्ष मांडले. यजमान संघ एका गोलने मागे असेल तर भरपाई वेळ जास्त मिळते. शंकास्पद गोल आणि पेनल्टी यजमानांच्या बाजूने जास्त जातात. आणि जिथे धावपट्टी नसल्याने प्रेक्षक मैदानाला खेटून बसतात, तिथे हा झुकाव अधिक असतो. थोडक्यात, पंच क्लबचे नाव पाहून नव्हे, तर कानावर आदळणाऱ्या आवाजाने हलतात. हा फायदा प्रत्येक संघाला वर्षातून १७ वेळा मिळतो. तळाच्या संघाविरुद्ध कट असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

मग तळाचे संघ पंचांनाच का धरतात?

कारण चूक सगळ्यांच्या वाट्याला येते, पण ती पचवण्याची ताकद सारखी नसते. पाच गोल करू शकणाऱ्या संघाला एक नाकारलेली पेनल्टी पुढच्या आठवड्यापर्यंत आठवतही नाही. बोखुमसारख्या संघाला वर्षभरात मिळणारे गुणच २५, त्यातले दोन गेले की आयुष्य गेल्यासारखे वाटते. शिवाय संचालक, प्रशिक्षक आणि खेळाडू या तिघांनाही एकमेकांकडे बोट न दाखवता राग काढायला पंच ही सोयीची जागा आहे.

शाल्केचे उदाहरण या बाबतीत निर्दय आहे. जानेवारी २०२० ते जानेवारी २०२१ या काळात या क्लबने लागोपाठ ३० लीग सामने न जिंकता घालवले. १९६५-६६च्या टास्मानिया बर्लिनचा ३१ सामन्यांचा नकोसा विक्रम एका सामन्याने वाचला, कारण मॅथ्यू हॉपे या अमेरिकी तरुणाने हॉफेनहाइमविरुद्ध हॅटट्रिक केली. मोसमात पाच प्रशिक्षक झाले, ८६ गोल खाल्ले, १६ गुण मिळाले आणि क्लबवर २० कोटी युरोहून अधिक देणी होती. कुठल्या पंचाला जबाबदार धरणार? हेर्टा बर्लिनमध्ये लार्स विंडहोर्स्ट यांचे ३७.४ कोटी युरो आले, युर्गन क्लिन्समान ७६ दिवस प्रशिक्षक राहून फेसबुकवर राजीनामा देऊन गेले आणि २०२३मध्ये संघ तळाला राहून घसरला.

याच हेर्टाने २०१२मध्ये ड्युसेलडॉर्फच्या लढतीनंतर पंचांवर राग काढला होता. सामना संपण्याआधीच प्रेक्षक मैदानात घुसले, खेळ सुमारे वीस मिनिटे थांबला. हेर्टाने सामना पुन्हा खेळवण्याची मागणी केली, ती फेटाळली गेली. पंच वोल्फगांग श्टार्क यांच्यावर हात उगारल्याबद्दल लेव्हान कोबियाश्विलीला साडेसात महिन्यांची बंदी भोगावी लागली. हेच कोबियाश्विली पुढे जॉर्जियाच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले, आणि पंच नेमणारी यंत्रणा त्यांच्याच हाताखाली आली.

पंच आता काय करणार आहेत?

महासंघाने फेब्रुवारी २०२५पासून निवडक मैदानांवर एक प्रयोग सुरू केला. व्हीएआरचा हस्तक्षेप झाल्यावर पंच स्वतः माइकवरून प्रेक्षकांना निर्णय आणि त्याचे कारण सांगतात. अमेरिकी फुटबॉलमध्ये ही पद्धत जुनी आहे. जर्मन प्रेक्षकांनी स्वागत केले, कारण आजवर पैसे देऊन मैदानात बसलेल्यालाच सर्वांत कमी माहिती मिळत होती. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला रिप्ले दिसतो, स्टेडियममधल्याला फक्त कानाला बोट लावून उभा असलेला पंच.

मात्र ही घोषणा कोलोनहून हस्तक्षेप झाला तरच होते. सर्वांत जास्त चिघळलेले वाद हे न झालेल्या हस्तक्षेपांचे आहेत. बोखुममध्ये त्या रात्री अडेयेमी पडला तेव्हा श्टेगमान स्क्रीनकडे गेलेच नव्हते. अशा वेळी माइकवरून सांगण्यासारखे पंचांकडे काहीच नसते.